टाळ्यांचा खुलासा

दि. ११ मार्च

चि. भोंग्या,

आशीर्वाद आहेतच, ते काही परत घेता येत नाहीत.

शनिवार, दि. ९ मार्च, संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, तू आणलेल्या बसभर पाहुण्यांनी तुझ्या वडिलांच्या नावावर टाळ्या वाजवल्या.

उत्सवातला नाच संपला की वर्षभरात गेलेल्यांची नावं पोस्टमास्तर चौकात वाचतात आणि तेवढा वेळ गाव गप्प असतं, हे तुला सांगायला हवं का? कडेवरची पोरंसुद्धा चूप बसतात. चौकातली रोषणाई दादाने जन्मभर केली. एकदा शिडीवरून पडला, तरी पुढच्या वर्षी पुन्हा चढला. त्याचं नाव आलं आणि ह्या फडाफडा टाळ्या! एकाने तर शिटीही मारली. तू तुझ्या प्रवासी कंपनीचा झेंडा धरून समोर उभा, तोंडातून अक्षर नाही. गर्दी पांगायच्या आत बस घेऊन पसार. वहिनी म्हणते, परक्यांना काय कळतंय, जाऊ द्या. मी जाऊ देणार नाही. मेट्रनच्या नोकरीतून निवृत्त झालेय, जिभेतून नाही.

२४ तारखेला उत्सव समितीची बैठक आहे. पुढच्या वर्षापासून प्रवासी कंपन्यांना चौक बंद, असा ठराव मी मांडणार आहे. तुझी नोकरी या उत्सवावर चालते हे ठाऊक असून मांडणार आहे. खुलासा असेल तर लेखी पाठव. फोन उचलणार नाही.

तुझी (नाइलाजाने) आत्या

दि. १५ मार्च

ती. आत्या,

पाया पडतो, तू पाय मागे घेतलेस तरी.

ठराव पास झाला तर कंपनी मला ठेवणार नाही, हे खरं. पण त्यासाठी लिहीत नाहीये. आईला सांगायचा धीर झाला नाही, म्हणून तुला.

पाहुण्यांना नाच कुठे संपतो ते कळत नाही. मधेच टाळ्या वाजवतात आणि नाचणाऱ्यांचा ताल चुकतो. म्हणून मी बसमध्येच सांगून ठेवतो की माझा हात वर गेला की टाळ्या, एरवी नाही. नावांच्या वेळी गप्प राहायचं, हेही सांगितलं होतं. आणि राहिले होते गं. मग पोस्टमास्तरांनी बाबांचं नाव घेतलं. वाटलं होतं, कामावर आहे, निभावून नेईन. पण डोळे भरून आले आणि पुसायला हात वर गेला.

त्यांना वाटलं, आत्ता. माझ्याकडे बघून हसत होते बिचारे, सांगितलेलं चोख केलं म्हणून. मला ना हात खाली घेता येईना, ना तोंड उघडता येईना. कुणी काही विचारायच्या आत पळालो. बाबा गेले तेव्हा हॉस्पिटलात रडलो नाही, म्हणून तू मला दगड म्हणाली होतीस. दगडच असतो तर बरं झालं असतं.

ठराव मांडायचा तर मांड. आईला मात्र तूच सांग. राग ओसरल्यावर थोडी माया उरली तर माझ्यासाठी ठेव.

तुझा
भोंग्या

दि. १८ मार्च

चि. भोंग्या,

अनेक आशीर्वाद, या वेळी मनापासून.

पत्र वहिनीला वाचून दाखवलं. मधे दोनदा चष्मा पुसावा लागला, काचा जुन्या झाल्यात. वहिनी रडली आणि मग चक्क हसली. म्हणाली, इतकी वर्षं शिडीवरून उतरल्यावर त्यांना कुणी साधं शाब्बास म्हटलं नाही, एकदा तरी टाळ्या पडल्या. मी म्हटलं, हा मुद्दा समितीपुढे चालणार नाही.

ठराव मागे घेतलेला नाही, बदलला आहे. प्रवासी येतील. पण टाळ्यांत दादाचं नाव धड कुणाला ऐकूच आलं नाही, म्हणून पुढच्या वर्षी ते पुन्हा वाचायचं. पोस्टमास्तर म्हणाले, असा प्रघात नाही. मी म्हटलं, टाळ्यांचाही नव्हता. त्या वेळी तू झेंडा माझ्याकडे देऊन वहिनीजवळ उभा राहशील आणि हवे तितके डोळे पुसशील. तुझी माणसं मी सांभाळते. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी आम्हाला हात मागे बांधून उभं राहायला शिकवलंय, त्यांना तेच शिकवीन, त्याच इंग्रजीत. शिटीवाला पुन्हा आला तर माझ्या शेजारी.

पुढच्या वर्षी तू मुलगा म्हणून उभा राहणार की नाही, हे शनिवार, दि. २३ मार्च, दुपारी बाराच्या आत सहीनिशी लेखी कळव. बारा वाजून एक मिनिटाला मूळचा ठराव कायम समजावा.

तुझीच आत्या