झेंडूचा महिना

लालबाग, ५ ऑक्टोबर २०२५

चि. प्राची हिस अनेक आशीर्वाद.

मी आणि तुझी मालनमामी खुशाल आहोत. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं, म्हणून पार्सलसोबत हे पत्र.

तू मागितलेला चिखल पाठवतो आहे. चाळीशेजारी टॉवरसाठी खोल खड्डा चालू आहे. तिथला लवू मिस्त्री आपल्या देवगडकडचा निघाला. त्याने बोअरमधून प्रत्येक खोलीवरचा चिखल वेगळा काढून दिला. सहा बाटल्या आहेत, प्रत्येकीवर मीटर लिहिले आहेत. या चिखलातल्या परागकणांवरून तू पाच हजार वर्षांपूर्वीची झाडं आणि पाऊस ओळखणार, असं मी मामीला सांगितलं. ती म्हणाली, आधी उद्या नळाला पाणी किती वाजता येणार ते सांग म्हणावं.

मिल बंद झाली तरी तिथल्या सुतारखात्यातला माझा हात शाबूत आहे. खड्ड्याच्या बाजूच्या बारा खोल्यांची दारं पावसाने फुगून चौकटीला घासतात. रंधा मारून एकेक मोकळं करतो आहे. बारा घरचा चहा पिऊन पित्त मात्र वाढलं आहे.

तब्येतीला जप.

तुझा नानामामा

लखनौ, २६ ऑक्टोबर

ती. नानामामांस सा. न. वि. वि.

मामीच्या चिवड्याशिवाय दिवाळी बेचव गेली.

रागावू नका, पण सहाही बाटल्या बाद झाल्या. नऊ मीटर खालच्या चिखलात मला झेंडूचे परागकण मिळाले, तेही ढिगाने. परागकणाचं कवच फार चिवट असतं, हजारो वर्षं टिकतं, हे खरं. पण झेंडू आपल्याकडे परदेशातून आला, त्याला फार तर काही शतकं झाली. आमच्या सरांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. मी दोन दिवस हसते आहे. बाटल्या ठेवल्या होत्या तरी कुठे? चिखल पुन्हा मिळाला, तर झाकण न उघडता पाठवा.

मामीला नमस्कार. माया अशीच राहू द्या.

तुमची प्राची

लालबाग, २ नोव्हेंबर

चि. प्राचीस आशीर्वाद.

चूक माझीच. दसऱ्याला मी रंधे, पटाशा, करवत पाटावर मांडून पूजा करतो, हे तुला माहीत आहे. यंदा बाटल्याही मांडल्या. चिखल हेच तुझं हत्यार, ते कसं वगळायचं? झाकणं काढून हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूही. मामीने तेव्हाच हटकलं होतं. आता ती दिवसातून चारदा आठवण करून देते.

नवीन बाटल्या पाठवतो आहे. लवूनेच झाकणं लावली, मी हातही लावला नाही. खड्ड्यातले पंप अष्टौप्रहर चालू असतात. ते पाणी रस्त्यावर वाळलं की मिठासारखे पांढरे डाग पडतात. समोरच्या शेवंतीबाईंचं दार काल तिसऱ्यांदा घासून दिलं. यंदाची दमट हवा काही सरत नाही.

पत्राची वाट पाहतो.

नानामामा

लखनौ, २७ नोव्हेंबर

ती. नानामामांस सा. न. वि. वि.

फोनवर हे अर्धवट ऐकू यायला नको, म्हणून स्पीड पोस्टाने पाठवते आहे. हे पत्र मामीसमोर मोठ्याने वाचा.

आठ ते चौदा मीटरपर्यंत सगळे परागकण कांदळाचे आणि तिवराचे, म्हणजे खारफुटीचे आहेत. पाच हजार वर्षांपूर्वी तुमच्या चाळीच्या जागी खाडी होती, भरतीचं पाणी आत येत होतं. सर खूश आहेत. मला मात्र दोन दिवस जेवण गेलेलं नाही. खारफुटीचा चिखल पाण्याच्या जोरावर उभा असतो. पंप ते पाणी ओढून घेत आहेत. पाणी गेलं की तो दबतो आणि वरचं बांधकाम खचतं.

मामा, दिवाळीनंतर लाकूड आकसतं, दारं सैल होतात, हे मला तुम्हीच शिकवलंत. मग नोव्हेंबरात शेवंतीबाईंचं दार का घासावं लागलं? चौकटीला गुण्या लावा, भिंतीला ओळंबा सोडा. सरांच्या सहीचं पत्र जोडलं आहे, ते वॉर्ड ऑफिसात द्या आणि सगळ्यांना बाहेर काढा. दारांचं तुम्ही पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. मी झेंडूवर हसत बसले, त्यात महिना गेला. मला फार भीती वाटते आहे.

तुमची प्राची

लालबाग, ४ डिसेंबर

चि. प्राचीस आशीर्वाद.

गुण्या लावला. एकही चौकट काटकोनात नाही. ओळंबा तळाशी भिंतीपासून चार बोटं लांब राहतो. इमारत खड्ड्याकडे झुकली आहे.

पत्र वॉर्ड ऑफिसात दिलं, पोच मिळाली. पंप चालूच आहेत. बाराही घरी जाऊन सांगितलं. शेवंतीबाईंनी दार उघडझाप करून दाखवलं आणि म्हणाल्या, नाना, तुमच्या हातचं दार, लोण्यासारखं चालतं, मग भ्यायचं कशाला? सगळीकडे हेच ऐकलं. घर दर महिन्याला ओरडून सांगत होतं आणि मी रंधा मारून त्याचं तोंड बंद करत होतो. चाळीस वर्षं लाकडात काढलेल्या माणसाला हे कळू नये, याची लाज वाटते.

आज सकाळी आमचं स्वतःचं दार उघडेना. लवूने बाहेरून पहार घातली तेव्हा सुटलो. त्यानंतर मी रंधा घेतला नाही, पेचकस घेतला. दार बिजागऱ्यांवरून काढून खाली मैदानात नेऊन ठेवलं आहे. आता शेवंतीबाईंकडे निघालो आहे. बाराही दारं काढणार, शिव्या पडल्या तरी. दार अडकून कोणी आत राहायला नको. आणि बिनदाराच्या घरात लेकीसुनांना घेऊन कोणी झोपत नाही, रात्रीपुरते तरी नातेवाइकांकडे जातील.

मामीला शीवला तिच्या भावाकडे पाठवलं आहे, तिला फोन कर. बारावं दार उतरलं की मीही तिकडेच जाईन. शेजारचं एक धरून सकाळपासून दोन दारं झाली.

तुझा नानामामा