पांढऱ्याखालचं घड्याळ

३ नोव्हेंबर
पेपरात आलं. अर्धं पान, जळगाव आणि धुळे दोन्हीकडे. पुण्याच्या प्रदर्शनाची बातमी आणि वर माझं चित्र, मोठा ‘स्वार’. रंग बरे छापलेत, पांढरा जरा पिवळट. माझं वाक्य ठळक अक्षरात : “हा स्वार कोणी एक माणूस नाही. तो आदिम आहे, काळाच्या पलीकडचा.” वाचून स्वतःवर खूश झालो. इथे कशाला लपवू, परत परत वाचलं. खाली तेही छापलंय की हा चित्रकार फोटो काढत नाही, स्केच करत नाही, फक्त डोळ्यांत साठवतो आणि घरी येऊन थेट कॅनव्हासवर.
सुनंदाने कात्रण फ्रीजला लावलं. म्हणाली, “आता काळाच्या अलीकडे येऊन भाजी आणा.”

५ नोव्हेंबर
दुपारी धुळ्याहून फोन. ललिता नावाच्या बाई, दवाखान्यात सिस्टर आहेत. आवाज शांत.
“सर, पेपरातलं चित्र माझ्या वडिलांचं आहे.”
शिरपूरच्या पुढे, रस्त्याकडेच्या शेतात, वडिलांचा दगड होता म्हणे. त्या भिल्ल. त्यांच्यात माणूस गेला की त्याच्या नावाने दगड उभा करतात, त्यावर तो स्वतः, घोड्यावर बसलेला. घोड्याच्या मानेचा बाक, झुलीवरची फुलं, वर चंद्र-सूर्य, सगळं तेच आहे म्हणाल्या.
मी म्हणालो, “ताई, असे दगड खूप पाहिलेत मी. हे सगळ्यांचं मिळून आहे. कल्पनेतलं.”
धडधडीत खोटं. तोच दगड. मागच्या जानेवारीत अख्खी दुपार त्याच्यासमोर बसलो होतो, बाजूच्या कपाशीतल्या बायका हसत होत्या माझ्या टोपीला.
“बरं सर,” म्हणाल्या आणि फोन ठेवला. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

६ नोव्हेंबर
सकाळपासून वर स्टुडिओत. ‘स्वार’ समोर. काम शून्य.
लिहून टाकतो. दगडावरच्या त्या माणसाच्या उजव्या मनगटावर घड्याळ होतं. ठसठशीत, पट्ट्यासकट. मी ते रंगवलंही होतं. मग आठवड्याने पाहिलं तर वाटलं, हे घड्याळ सगळा आदिमपणा घालवतंय. पुण्यातले लोक हसतील. वरून पांढरा मारला. डाव्या हातातही काहीतरी होतं, तेही झाकलं. आता त्या जागी सुंदर धुकं आहे. सगळे त्याच धुक्याचं कौतुक करतात.
डाव्या हातात काय होतं? आठवत नाही. म्हणे डोळ्यांत साठवतो!

८ नोव्हेंबर
सु.ला सांगितलं. ती गवारीच्या शेंगा मोडत होती, हात थांबला नाही तिचा.
“माझ्या दादांचा फोटो कोणी पेपरात छापला आणि चष्मा पुसून टाकला, वर म्हणाला की हे कोणी एक नाहीत, तर?”
मी एक शेंग उचलून मोडायला लागलो.
“तर मी घरी जाऊन दोन देईन त्याला. त्या बाई भल्या आहेत. फोन करा.”
केला. ललिताताईंना म्हणालो, खोटं बोललो, तोच दगड. तिकडून, “माहीत होतं सर. एकदा या. आईला भेटा.” लाज कशी असते, तर कानाच्या पाळ्या गरम होतात. या वयातही.

११ नोव्हेंबर
धुळे. एस.टी.ने गेलो, पारोळ्यापर्यंत उभा. देवपुरात त्यांचं दोन खोल्यांचं लख्ख घर. ललिताताई ड्यूटीवरून आलेल्या, त्याच कपड्यांत चहा केला. आई, अक्का म्हणतात सगळे, खाटेवर. हातात ते कात्रण.
अक्कांनी नमस्कार घेतला आणि सरळ विचारलं, “हाऊ मना मालक नही. घडी कोठे शे?”
काय सांगणार? पुण्यातले हसले असते म्हणून काढली?
ललिताताईंनीच सांगितलं मग. वडील एस.टी.त ड्रायव्हर. पाड्यावरचं पहिलं घड्याळ त्यांचं. लोक मुद्दाम वाट वाकडी करून वेळ विचारायला यायचे आणि ते हात पुढे करून दाखवायचे, बोलायचे नाहीत. गेले तेव्हा ललिताताईंचा धाकटा भाऊ म्हणाला, दगडावर बसच काढा. कारागीर म्हणाला, घोड्याशिवाय दगड होत नाही. मग घड्याळ तरी काढ, म्हणून ते काढलं.
उन्हाळ्यात रस्ता रुंद झाला. जेसीबीने दगड फुटला, तुकडे भरावात गेले. नवा करायचा आहे, जुना कारागीर राहिला नाही, नवा चित्र मागतो. घरच्या मोबाइलमध्ये एकच फोटो, लग्नानंतर सगळे दगडासमोर उभे. घोड्याचं तोंड आणि चंद्र-सूर्य तेवढे दिसतात. बाकी नवरीच्या शालूमागे.
आणि डावा हात. अक्का म्हणतात छत्री. भाऊ म्हणतो बॅटरी. यावरून दोघांत इतकं बिनसलं की दगडाचं कामच थांबलंय.
अक्का दाराकडे बघत म्हणाल्या, “दगड नही तवलोंग तो बाहेरच उभा शे.” दगड उभा होईपर्यंत गेलेला माणूस आत येत नाही म्हणे. मीसुद्धा दाराकडे पाहिलं.
ललिताताई : “सर, शेवटी नीट बघणारे तुम्हीच. काय होतं हातात?”
छत्री, असं ओठांवर आलं होतं. म्हातारीला बरं वाटलं असतं, मीही सुटलो असतो. गिळलं कसंबसं. म्हणालो, चित्रात आहे.
“चित्रात तर नाही सर.”
“आहे. पांढऱ्याच्या खाली.”

१२ नोव्हेंबर
खालचा थर ॲक्रिलिकचा. वरचा पांढरा तेलरंगाचा, तोही तसा अलीकडचा. टर्पेंटाइन लावून सुरीने हळूहळू सुटेल. खालचं टिकावं. पण ‘स्वार’ जाईल.
पुण्याला गॅलरीच्या मॅडमना फोन. म्हणालो, ‘स्वार’ पाठवत नाही, दुसरं देतो. “वेडे झालात का? निमंत्रणावर तोच आहे. वीसला टेम्पो येतोय.” घड्याळाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, “अहो, तो पांढराच तर तुमचा आहे. बाकी दगडावर होतंच.”
कौतुक म्हणून म्हणाल्या त्या. दिवसभर तेच डोक्यात.

१५ नोव्हेंबर
काही केलं नाही. कॅनव्हासच्या मागे दिवा धरून पाहिला, नुसती सावली. नव्या कागदावर आठवून काढायला बसलो, डाव्या हातात छत्री आली, मग बॅटरी आली, मग काठी. तिन्ही पटण्यासारखी. फाडलं.
टर्पेंटाइन आणायला बाहेर पडलो आणि भरताची वांगी घेऊन आलो. सु. म्हणाली, “यांनी रंग निघतो का?” भरीत मात्र झकास झालं. तेही खाताना लाज वाटली.
भित्रा आहे मी. लोकांचे देव, लोकांचे मेलेले लोक बिनधास्त उचलतो, आणि स्वतःचा पांढरा रंग काढायला हात धजत नाही.

१७ नोव्हेंबर
ललिताताईंना फोन केला. उद्या या, तुमच्यासमोरच काढतो. समोर कोणी असल्याशिवाय माझ्याच्याने होणार नाही, हे नाही सांगितलं.

१८ नोव्हेंबर
दोघी सकाळच्या गाडीने आल्या. अक्का जिना बसत बसत चढल्या. ‘स्वार’ पाहून म्हणाल्या, “घोडा बेस शे.” एवढंच.
उजव्या मनगटापासून सुरुवात केली. कापूस, टर्पेंटाइन, सुरी. पांढरा मलईसारखा गोळा होऊन येत होता. पट्टा दिसला. मग तबकडी. मग काटेसुद्धा! काटेही रंगवले होते मी, विसरूनच गेलो होतो. इतकं नीट पाहिलं होतं आणि इतकं नीट झाकलं.
अक्कांनी चष्मा पुसला. ललिताताई तोंड फिरवून खिडकीशी गेल्या. मी खाली बघत सुरी पुसत राहिलो. माफी मागायची ठरवली होती, मागितली नाही. सु. तिथेच होती, तिने माझ्या पाठीला हात लावला.
जेवणानंतर डावा हात. सुरी टेकवली आणि आठवलं. या बाजूला पांढरा देण्याआधी मी खालचं खरवडलं होतं बहुतेक. डावीकडेच ना? की घोड्याच्या पायाशी? सांगून टाकलं त्यांना, खाली काही नसेलही. ललिताताई म्हणाल्या, “असेल ते बघू सर.”
पुन्हा सुरी लावली. अक्का पुढे सरकल्या.
“हळू रे भाऊ. त्याले लागी जाई.”
मग हात चालेना. बोटभर पांढरा सुटलाय, खाली काळपट काहीतरी आहे. दांडा असेल, सावलीही असेल. उजेड उतरला. बाकी उद्या. टेम्पोचं मॅडमना अजून कळवलेलं नाही.
दोघींना ठेवून घेतलं. सु.ने खाली गाद्या घातल्यात. ललिताताई तिच्याशी बोलत बसल्यात. अक्का मात्र वरच आहेत, चित्रासमोर. थंडी आहे, दार लावू का विचारलं.
नको म्हणाल्या, उघडंच राहू दे.