शनिवारचा ठिपका

बुधवार, ९ फेब्रुवारी
पॅकिंग शेड, वरची खोली

दादा,

साष्टांग नमस्कार मी तुला कधी घातला नाही. आज घातला तर तू घाबरशील, म्हणून नुसतंच दादा. आम्ही इकडे मजेत. आई मजेत, कुत्रं मजेत, बाबांचा घसा जरा बसलाय. तू कसा आहेस?

हे पत्र तुला फळवाल्या काकांनी दिलं असेल. तुझा पत्ता माझ्याकडे नाही आणि नंबर तू बदललास. मग मी त्यांच्या दुकानाला जाणाऱ्या सफरचंदांच्या खोक्यात हा लिफाफा ठेवला आणि वर लिहिलं, ‘शनिवारी संध्याकाळी जो माणूस खोक्यावरचा कोड फोनने स्कॅन करतो, त्याला द्या.’ सोबत काकांना आईने विणलेले मोजे. लाच.

मी हेरगिरी केलेली नाही. बरं, थोडी केलीय. पण आधी मी कुठे बसते ते सांगते.

खाली फळं निवडतात, वर मी. समोर तीन स्क्रीन. कुठला ट्रक कुठे आहे, आत किती थंडी आहे, दार कुणी उगाच उघडलं, सगळं दिसतं. ट्रक जरा तापला की स्क्रीन बोंबलते. परवा एका ड्रायव्हरकाकांनी चहाचा थर्मास नेमका सेन्सरला टेकवून ठेवला. झाकण सैल. सिस्टीमने जाहीर केलं की अख्खा ट्रक नासला. मी फोन केला तर म्हणतात, ‘ताई, फळं थंडगार आहेत, चहाच तेवढा गेला!’ पूर्वी अशी फळं न बघताच फेकून द्यायचे. आता मी आधी फोन करते. यालाच माझी नोकरी म्हणतात.

आणि खोक्यावरचा तो कोड. तो स्कॅन केला की काय उघडतं ते तुला माहीत आहे. कुठली बाग, कधी तोडलं, किती पाणी दिलं, किती फवारलं, आणि वर बागवाल्याचा छोटासा व्हिडिओ. फळ कुठून आलं ते गिऱ्हाइकाला कळावं म्हणून हा सगळा खटाटोप. पण इकडून आम्हालाही दिसतं, दादा. नाव नाही, चेहरा नाही. नकाशावर एक ठिपका उजळतो, त्या दुकानाच्या जागी.

तू बोटी जोडायला ज्या बंदरावर जातो म्हणाला होतास, तिथे आपल्या बागेची फळं एकाच दुकानात जातात. आणि तिथे दर शनिवारी संध्याकाळी एकच ठिपका उजळतो. त्या गावातलं दुसरं कुणी कधी स्कॅन करत नाही. लोकांना सफरचंद खायचं असतं, त्याचं चरित्र कोण वाचतंय?

थांब. ट्रक बोंबलतोय.

आले. तर बाबा.

तू मातीतली ओल मोजायच्या त्या कांड्या आणल्या होत्यास आणि बाबांनी त्या उपटून तुझ्या गादीवर फेकल्या. ‘माझ्या झाडांना तहान लागली की मला कळतं.’ मग तू जे बोललास ते मी लिहिणार नाही, त्यावर ते जे बोलले तेही नाही. तू गेलास. त्या कांड्या पावसाळाभर पलंगाखाली पडून होत्या. मग एक दिवस बघते तर बाबांनी त्या परत रोवलेल्या. उलट्या! टोकं आभाळाकडे. फोन सांगतोय बाग वाळवंट झाली आणि बाबा घोट्यापर्यंत चिखलात उभे. ‘तुझ्या भावाचं यंत्र ठार खोटारडं आहे,’ म्हणाले. मी एकेक कांडी सुलटी केली.

आता बागेला निम्मं पाणी पुरतं. तुझं बरोबर होतं असं काही ते म्हणाले नाहीत. विहिरीत डोकावून एवढंच म्हणाले, ‘अजून आहे की पाणी.’ आपल्या घरात याला कबुली म्हणतात.

मग एका शनिवारी मी त्यांना ठिपका दाखवला. दाखवायला नको होता का, मला अजून कळत नाही.

आमच्या कंपनीला वर्षाला एक व्हिडिओ हवा होता. बाबांनी दर आठवड्याला नवा करायला घेतला. तू बघतोसच. ‘पाणी निम्मं लागतं,’ हे कंपनीसाठी. ‘कांड्या माझ्या मुलाने आणल्या,’ हेही कंपनीसाठीच, असं ते म्हणतात. आणि मग मध्येच, ‘तिकडे वारा खारट असतो, कान झाकत जा.’ मागे एकदा नुसतं फाटक दाखवलं. ‘रंग दिलाय. कडी आता अडकत नाही. बाहेरून सहज उघडते.’

कंपनीच्या मॅडमचा फोन आला. ‘तुमचे वडील गिऱ्हाइकांना कान का झाकायला सांगतायत?’

म्हटलं, ‘मॅडम, फळाबरोबर फुकट आहे.’

त्या व्हिडिओ काढूनच टाकणार होत्या. पण तोवर कुठल्या कुठल्या गावचे लोक लिहायला लागले होते. एका बाईंनी लिहिलं, ‘आजोबा, झाकले कान.’ एकाने विचारलं, ‘फाटकाचा रंग कुठला घेतलात?’ आता मॅडमच म्हणतात, ‘चालू द्या, पण पाण्याचा आकडा तेवढा सांगायला लावा.’ बाबा आकडा सांगतात. खोकत खोकत.

थांब, परत ट्रक.

दादा, आत्ता ट्रक बोंबलला नव्हता. पहिला खरा होता, हा नाही. सगळे ट्रक थंडगार आहेत. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले आणि परत आले.

बाबांचा घसा जरा बसलेला नाही.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशन आहे. घशात गाठ आहे. आवाजाची पेटीच काढावी लागणार. डॉक्टर बाई आहेत, आपल्या आत्याइतक्याच फटकळ. म्हणाल्या, ‘जगाल, झाडावर चढाल, सगळं कराल. शिव्या मात्र लिहून द्याव्या लागतील.’ बाबा हसले. घरी येताना गाडीत एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं साठवतायत.

तुला कळवायचं नाही असं त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलंय. ‘दया म्हणून येणार असेल तर मला नको.’ मी हो म्हटलं. आता मोडतेय.

मी म्हटलं होतं, बाबा, जे काय बोलायचंय ते व्हिडिओत बोलून टाका, तो ऐकतोच आहे. माझ्यावर उखडले. ‘ते काय दुकानात, वजनकाट्याशेजारी ऐकायचं? ते समोर बसून बोलायचं असतं.’ म्हणजे काहीतरी आहे, दादा. एकच वाक्य असेल. आपल्या बाबांचं, म्हणजे फार तर दीड. पण ते राखून ठेवलंय, आणि आवाज दिवसेंदिवस खाली चाललाय.

कधी कधी मला भीती वाटते की तो ठिपका तू नाहीसच. दुसरंच कुणी असेल. असं असेल तर, हे वाचणारे तुम्ही जे कुणी आहात, मला माफ करा. आमच्या घरचं तुम्हाला उगाच कळलं. पण कृपा करून स्कॅन करणं सोडू नका. इथे एक माणूस त्यावर आठवडा काढतो.

पण तू आहेस. आहेस ना? मागे आई आजारी असल्याचं बाबा व्हिडिओत बोलले, तेव्हा त्या आठवड्यात ठिपका रोज उजळला होता. सफरचंदाची एवढी काळजी कुणाला असते?

शनिवारी काय होतं ते सांगते आणि संपवते. संध्याकाळी बाबा हा जिना चढून वर येतात. मधल्या पायरीवर थांबतात, दम खातात. माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसतात. मी ट्रक बघते, ते नकाशा. ठिपका उजळला की एकच शब्द म्हणतात, ‘आला.’ आणि उठून खाली जातात.

या शनिवारी हे पत्र तुझ्या हातात पडेल. पुढच्या शनिवारी स्कॅन करू नकोस. ठिपका दिसणार नाही, ते अस्वस्थ होतील, मला दोनदा विचारतील स्क्रीन चालू आहे ना. होऊ देत. तेवढं मी सांभाळते. फाटकाची कडी अडकत नाही. जिना तुला माहीत आहे. तू वर ये, दारात उभा राहा, आणि त्यांना तो शब्द म्हणू दे. अजून म्हणता येतोय त्यांना.

वाट बघणाऱ्या तिघांतली सगळ्यात बडबडी,
तुझी खारूताई