शेवटची तारीख

॥ ॐ नमः शिवाय ॥

नांदेड,
ता. २० नोव्हेंबर १९७२

ति. रत्नाअक्कास,
मन्मथचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

दिवाळीहून आलो तो थेट नाटकाच्या तालमीत शिरलो, म्हणून पत्राला उशीर. इकडे गोदावरीत नुसते खडक दिसतात. हॉस्टेलच्या नळाला एक दिवसाआड पाणी येतं आणि मेसमध्ये अमेरिकेहून आलेल्या मिलोची लाल भाकरी. तुझ्या हातची ज्वारीची आठवते.

अक्का, मी पेचात आहे. नाटकात मला मोठं काम मिळालंय. चित्रकलेचे सर म्हणतात, हात चांगला आहे, परीक्षेला बस. बुद्धिबळात कॉलेजात तिसरा आलो. आणि बी.एस्सी.चा अभ्यास तसाच पडलाय. फिजिक्सच्या सरांनी वर्गात उभं करून सांगितलं की यातलं काय धरायचं नि काय सोडायचं ते ठरव, नाहीतर सगळंच जाईल. तूच सांग, काय सोडू? तू म्हणशील तसं करतो.

तुझा मॅट्रिकचा फॉर्म ट्रंकेत नीट आहे. लातूरला उतरून शाळेत द्यायचा होता, पण नांदेडची गाडी लागलेलीच होती. ती सोडली असती तर तालीम बुडाली असती. येत्या शनिवारी लातूरला जाऊन देतो. काळजी करू नकोस.

अप्पांना नमस्कार. माया आहेच, ती वाढव.

तुझा
मन्मथ

---

मुरुड, जि. उस्मानाबाद
ता. २४ नोव्हेंबर १९७२

चि. मन्मथ यास,
रत्नाअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. तुझा पेच वाचून अप्पा हसले. म्हणाले, इथं विहिरीला पाणी न्हाई नि ह्याला छंद लई झाले. मला मात्र हसू आलं न्हाई. तू लहानपणी चुलीच्या कोळशानं भिंतीवर बैल काढायचास, तो चालेल असा वाटायचा. म्हणून माझं ऐकशील तर चित्रं ठेव. नाटक टाळ्या वाजेस्तोवर असतं. पण मन त्यातच असलं तर नाटक कर, मी रागावणार न्हाई. बुद्धिबळ मात्र सोड. दोन-दोन तास हलत न्हाईस, मूळव्याध होईल.

माझं मी ठरवलंय. सोमवारी मठात वचनं म्हणायला जायचे, ते बंद केलं. कशिद्याची चौकट माळ्यावर टाकली. दिवसा रस्त्याच्या कामावर खडी फोडते. दुपारी सुटी झाली की बाभळीखाली बीजगणित करून राहिले. बाया म्हणतात, नवऱ्यानं टाकून दिलेल्या बाईला आकडेमोड कशाला. मी त्यांना काही सांगत न्हाई, तुला सांगते. मॅट्रिक झाले तर बालवाडीच्या ट्रेनिंगला घेतात. मग जन्मभर अप्पांच्या आणि उद्या तुझ्या बायकोच्या तोंडाकडं बघायला नको.

फॉर्मची शेवटची तारीख तीस. हेडमास्तरांनी दोनदा बजावून सांगितलंय. विसरू नको रे.

जीव लावून आहेस तसाच लावून रहा.

तुझी
अक्का

---

नांदेड,
ता. ९ डिसेंबर १९७२

ति. रत्नाअक्कास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

आनंदाची बातमी! आमचं नाटक पहिलं आलं. मला अभिनयाचं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी पाठीवर हात ठेवून विचारलं की हा मुलगा कुठला. मी मुरुड सांगितलं तेव्हा अभिमानानं ऊर भरून आला. तुझं ऐकून बुद्धिबळ सोडलं. चित्रंही तूर्त बाजूला ठेवली आहेत.

फॉर्मचं जरा राहून गेलं. त्या शनिवारी रंगीत तालीम निघाली. नंतर स्पर्धा. चार तारखेला मुद्दाम लातूरला गेलो तर कारकून म्हणाला, मुदत संपली, पुढच्या वर्षी या. मी बरीच विनवणी केली, पण तो ऐकेना. एका वर्षानं काय बिघडतं, अक्का? उलट तुझी तयारी पक्की होईल. पुढच्या वर्षी मी स्वतः भरतो.

रागावू नकोस. आपल्या माणसावरची माया कमी करायची नसते.

तुझा
मन्मथ

---

मुरुड,
ता. १४ जानेवारी १९७३

चि. मन्मथ यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

बक्षिसाचं वाचून अप्पांनी गल्लीभर सांगितलं. मीही सांगितलं.

फॉर्मचं कळलं. तीन दिवस तुला पत्र लिहिलं न्हाई, कारण जे लिहिलं असतं ते मोठ्या बहिणीला शोभलं नसतं. मग अप्पांचंच निघालं. खडीच्या ढिगावरून घसरले, मांडीचं हाड मोडलं. आता त्यांचं उठणं-बसणं मीच करते, आणि कामावरही जाते. तू येऊ नकोस, परीक्षा जवळ आहे. पुस्तकं मागून आणलेली होती, हेडमास्तरांच्या घरी परत दिली. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी.

तब्येत सांभाळ. आमच्यावर तुझी नजर असू दे.

तुझी
अक्का

---

लातूर,
ता. २९ ऑगस्ट १९८२

ति. रत्नाअक्कास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

आता पत्त्यात जि. लातूर लिहीत जा! सोळा ऑगस्टला नवा जिल्हा झाला, गावभर पताका लागल्या. माझी कलेक्टर कचेरीत बदली झाली. टेबलं नवी, फायली उस्मानाबादहून ट्रकनं येऊन राहिल्या. अप्पा असते तर बघून सुखावले असते.

एक गोष्ट मनाला लागून राहिली. इथं मुलींच्या वसतिगृहावर देखरेखीला बाई हवी आहे. राहायला खोली, कायम नोकरी. साहेब माझा शब्द मोडत नाहीत. पण दहावी पास हवी. अक्का, तू तेव्हा जरा जिद्द धरायला हवी होतीस. मी कसं ठरवून एकेक सोडत गेलो! नाटक तर त्याच वर्षी सुटलं. पोरकटपणा होता सगळा. म्हणून आज खुर्चीवर आहे. असो. अजून वेळ गेलेली नाही, मार्चला बस.

आमची शिवगंगा सहा वर्षांची झाली. नाच, गाणं, चित्रं, सगळंच हवं म्हणते. तिची आई म्हणते, एकच काहीतरी ठेवू. तूच सांग, काय सोडायला लावू?

कधीतरी इकडे ये. तुझा आशीर्वाद असाच असू दे.

तुझा
मन्मथ

---

मुरुड, जि. लातूर
ता. ३ ऑक्टोबर १९८२

चि. मन्मथ यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र मी चारदा वाचलं. मला वाटलं, कुठंतरी एक ओळ असेल. न्हाई. तू विसरलास. मी दहा वर्षं समजत होते की तुला खंत आहे म्हणून तू त्यावर बोलत न्हाईस. तुला खंत नव्हती. आठवणच नव्हती. फॉर्म तुझ्या ट्रंकेत राहिला, मन्मथ. जिद्द माझी कमी पडली न्हाई.

ज्या नाटकापायी ते झालं, ते तू त्याच वर्षी सोडलंस, हे मला आज कळलं. तू मोठा नट झाला असतास तर मी मनाची समजूत घातली असती, की एकाचं तरी झालं.

तरी तुझं ऐकून मी हेडमास्तरांकडं गेले. मॅट्रिक आता राहिली न्हाई म्हणाले, दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. आणला, पुस्तकंही घेतली. आठ दिवस बीजगणित घेऊन बसले. डोक्यात शिरतं, मन्मथ, अजून शिरतं. पण इच्छा शिल्लक न्हाई. बाभळीखाली बसून गणित सोडवणारी ती बाई मेली, आणि मी तिच्यासाठी परीक्षेला बसणार न्हाई. पुस्तकं शेजारच्या सुनेला, नीलम्माला दिली. ती सातवी झालीय.

मी दोन गोष्टी ठेवल्यात. शिलाई मशीन, ते पोटासाठी. सोमवारची मठातली वचनं, ती माझ्यासाठी. तिसरी होती दुपारी पोस्टमनची वाट बघणं. अप्पा गेल्यावर तर तेवढंच होतं. ते आता सोडलं.

शिवगंगेचं तिला विचार. मला विचारू नकोस. मी सांगितलेलं तू कधी केलं न्हाईस, आणि केलं असं लिहीत राहिलास.

शेवटी लोभ असावा असं लिहायचा रिवाज आहे. ह्यावेळी लिहीत न्हाई.

रत्नम्मा