झिपऱ्याचं बोळकं

जळगाव, १२ एप्रिल १९५४
काल झिपऱ्या गेला. उंदीर होता, माणूस नव्हे. तेव्हा दुःख करायचं नाही असं ठरवलं आहे. लग्न करून लेक लता शिरपूरला गेली आणि हे लोढणं माझ्या गळ्यात टाकून गेली. आता सुटलो. उद्यापासून पहाटे फिरायला जाणार. डिसिप्लिन हवंच.

१३ एप्रिल
फिरायला गेलो नाही. सदऱ्याच्या खिशात हात घातला तर त्याचे शेंगदाणे लागले. फेकणार होतो. दिवसभर खिशातच राहिले.

१४ एप्रिल
कापसाच्या जिनिंगमध्ये रजा मागितली. कारण 'घरात मयत'. पोटदुखी सांगता आली असती, पण खोटं बोलणं माझ्या स्वभावात नाही. संध्याकाळी हेडक्लार्क बन्सीलाल चेहरा पाडून बसायला आला. शेजारच्या भिकुबाईनं चहा आणला आणि विचारलं, कोन वारनं, नाना? म्हटलं, जवळचा होता. बन्सीलालनं विचारलं, मागं कोण आहे? मी म्हणालो, मी. मग खोकत राहिलो. जिनातली रुई घशात जाते, त्यानं.

२० एप्रिल
आठवणी काढायच्या नाहीत, हा नियम. फक्त नोंद म्हणून: रुईच्या ढिगात सापडला तेव्हा त्याचे डोळेही उघडले नव्हते. लतानं दुधात वात भिजवून पाजलं. ती गेल्यावर हा रोज माझ्या खांद्यावर बसून पेपर कुरतडायचा. अग्रलेख कधी पुरा वाचू दिला नाही मेल्यानं. आता अख्खा पेपर शाबूत असतो. वाचवत नाही.

२८ एप्रिल
अखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, लता माहेरी येणार. तिला कळता कामा नये, पोर हाय खाईल. प्लॅन: दुसरा उंदीर आणून झिपऱ्याच्या पेटीत ठेवायचा. फर्स्टक्लास.

३० एप्रिल
पिंजऱ्यात एक सापडला. हुबेहूब. हात पुढे केला तर अंगठा फोडला. सोडून दिला. चावला म्हणून नाही. झिपऱ्या म्हणून हाक मारली, तर कोपऱ्यात जाऊन थरथरत बसला.

५ मे, अखाजी
लता आली. रिकामी पेटी बघून म्हणाली, गेला का? बरं झालं, नाना, तुमचा त्रास वाचला. आणि मैत्रिणींबरोबर झोका खेळायला गेली. माझी सगळी तयारी वाया.

दुपारी, अखाजीला गेलेल्यांच्या नावानं भरतात तशी, तिच्या आईच्या नावाची पाण्याची घागर भरली. शेजारी एक लहान बोळकंही भरलं. भिकुबाईनं विचारलं, हाई ल्हानं बोळकं कोनं शे? म्हटलं, कुंभारानं चुकून जास्त दिलं. लता पुढे आली. माझ्या खिशात हात घालून तिनं शेंगदाणे काढले आणि बोळक्यापुढे ठेवले.

मग मी रडलो. भिकुबाईसमोर, उंदरासाठी, धाय मोकलून.

लता म्हणाली, मी सासरी गेले तेव्हाही तुम्ही एवढे रडला नव्हता, नाना.

म्हटलं, तेव्हा घरात झिपऱ्या होता.