चाकं खाली आहेत

४ मार्च
आले एकदाची. विमानतळ म्हणायचा तर एवढासा: एक धावपट्टी, एक मनोरा, दिवसाला चार विमानं. खोली कुंपणाला लागूनच मिळाली, खिडकीतून पट्टीचं टोक दिसतं. मी ज्यांच्या हाताखाली, ते मनोऱ्यातले साहेब निवृत्तीला आठ महिने राहिलेले, दिवसभर शब्दकोड्यात डोकं घालून बसतात. आगीच्या बंबाचे प्रमुख, त्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी माझी ट्रंक वर चढवून दिली आणि बजावलं की साहेबांशी वाद घालायचा नाही. मी म्हटलं, माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, खात्री देत नाही. ते हसले. आईला फोन केला. ती वीस तारखेच्या विमानानं येतेय, जन्मात पहिल्यांदा विमानात बसणार. खिडकीजवळचीच जागा हवी, हे तिचं आत्तापासून सुरू झालंय.

५ मार्च
दुपारी चार दहाला रेडिओवर एक वैमानिक बोलला. चाकं बाहेर आल्याचा दिवा लागत नाही, पट्टीवरून खालून जातो, चाकं दिसतात का तेवढं बघा. असं होतं कधी कधी. विमान न उतरता पट्टीवरून अगदी खालून जातं आणि मनोऱ्यातल्या माणसानं दुर्बीण लावून खरं काय ते सांगायचं असतं. साहेबांनी रेडिओचा आवाज बारीक केला, कोड्यातून मान वर न काढता माईक ओढला आणि म्हणाले, चाकं खाली आहेत, उतरा. मी खिडकीकडे धावले. दोन पंख्यांचं जुनं विमान पार टोकाला गेलं, धुळीचा लोट उठला आणि धूळ बसली तेव्हा पट्टी रिकामी होती. नोंदवहीत एक ओळ नाही. साहेब म्हणाले, हे रोजचंच आहे, उत्तर द्यायचं आणि मोकळं व्हायचं. तळपायाची आग मस्तकात गेली, पण नोकरीचा दुसराच दिवस म्हणून गिळली.

७ मार्च
मामांना खोदून खोदून विचारलं. बंब पुसता पुसता त्यांनी सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी तेच विमान, तीच विनंती. साहेब फोनवर गप्पा मारत होते. न बघताच बोलले, चाकं खाली आहेत. विमान पोटावर घासत गेलं आणि पेटलं. एकोणीस माणसं. चौकशीत सगळा दोष वैमानिकावर गेला, कारण मेलेला माणूस खुलासा द्यायला येत नाही. माणसं मामांनीच बाहेर काढली होती, आणि तेही मूग गिळून बसले. तेव्हापासून विमान रोज येतं. साहेब तेच उत्तर देतात, ते टोकाला जाऊन नाहीसं होतं आणि मंडळी चहाला मोकळी.

मला भुताची भीती वाटली नाही. त्या चहाचा संताप आला. एकदा मारून भागलं नाही म्हणून रोज मारायचं?

९ मार्च
साहेब दात दाखवायला गेले होते, चार दहाला माईकवर मी. दुर्बीण लावली. खिडक्यांमधले चेहरे दिसले. पोटाखाली काहीच नव्हतं. स्वच्छ सांगितलं, चाकं खाली नाहीत, उतरू नका. खरखरीतून वैमानिक म्हणाला, बाई, तुम्ही बघितलंत. विमान वर गेलं. धूळ उठली नाही. घरी येताना मी चक्क गाणं म्हणत होते.

११ मार्च
ते गेलेलंच नाही. दर वीस मिनिटांनी खालून जातं. साहेब जुनं उत्तर देतात, पण आता ते उतरत नाही. वैमानिक म्हणतो, बाईंना विचारा. साहेब माझ्यावर उखडले, नऊ वर्षांची झाकली मूठ तुम्ही उघडलीत म्हणे. मी म्हटलं, मुठीत माणसं होती. ओरडून घसा बसला. मुख्य कार्यालयाला तीन पानी तक्रार पाठवली.

१४ मार्च
उत्तर आलं. तक्रारीत तथ्य आढळत नाही, आपण विश्रांती घ्यावी. माईक काढून घेतला माझ्याकडून, फायली लावत बसते.
विमान आता पट्टीवरून जात नाही, माझ्या खोलीवरून जातं. फळीवरची भांडी पडतात. एकोणीस चेहरे काचेला चिकटलेले. रागावलेले नाहीत. वाट बघताहेत. त्यांना उतरवायचं कसं, ते मलाही माहीत नाही.

१७ मार्च
पुन्हा. आणखी खालून. खोलीत रेडिओ नाही, तरी आवाज येतो — बाई, आता काय करू?
आईला फोन केला, येऊ नको म्हटलं. का ते सांगता येईना. ती म्हणाली, पिशव्या भरून झाल्यात, आता नाटकं करू नकोस.

१९ मार्च
साहेबांना म्हटलं, उद्या आईचं विमान आहे. उद्या निदान बघून बोला. खिडकीपर्यंत चार पावलं. हात जोडले, मी हात जोडले. ते म्हणाले, एकदा बघितलं की ते खरं होतं.
नोंदवही फेकून मारली. त्यांचं कपाळ फुटलं थोडं. वाईट वाटलं नाही.

२० मार्च
मनोऱ्यातल्या विश्रांतीच्या खोलीत कोंडलंय मला. बाहेरून कडी. वरिष्ठ येईपर्यंत डोकं थंड करा म्हणे. आईचं विमान साडेतीनचं, अजून नाही. हाताशी फक्त ही वही.

चार पाच. दारावर लाथा मारल्या. मामा पट्टीच्या पार टोकाला, बंबापाशी. त्यांना ऐकू जाणार नाही.

चार दहा. भिंतीपलीकडे रेडिओ. दिवा लागत नाही, खालून जाते, चाकं बघा — पण हा आवाज त्या जुन्या वैमानिकाचा नाही. बाई आहे. तरुण.

साहेबांनी आवाज बारीक केला.

खिडकीतून दिसतंय. नवं विमान, लाल शेपूट. आईचं. पोटाखाली काही नाही — नाही — भिंत बडवतेय —

वर ते जुनंही आहे. तोही ओरडतोय, बाईंना विचारा, बाईंना —

लाल शेपूट वळून परत येतंय. स्टूल हाणलं, काच फुटत नाही. साहेब, चार पावलं. बघ की मेल्या एकदा, माझी आई आहे त्या —

खुर्ची सरकल्याचा आवाज नाही. माईक ओढल्याचा आहे. चाकं खाली आ