किचनचं दार

पिनर, लंडन, शनिवार, १४ ऑक्टोबर २००६

मंडळाच्या दिवाळी नाटकाची आज शेवटची तालीम. हिंदीतून मराठीत मीच आणलंय. मूळ लेखक जन्मभर नोकऱ्या सोडत राहिला, घरं सोडत राहिला. त्याच्या नाटकातली बाई मात्र तीन अंक दाराकडे नुसती बघते आणि शेवटी एकदाची सुटकेस घेऊन निघते. त्या निघण्यासाठीच तर मी हे नाटक निवडलं, आणि ती बाईही मीच करतेय.

पण चर्चच्या हॉलमध्ये स्टेजजवळ बाहेरचं दार एकच, फायर एक्झिटचं. उघडलं की अलार्म.

"अगं, किचनच्या दारातून जा," आमचे दिग्दर्शक मोकाशीकाका म्हणाले.

"काका, ती घर सोडून चाललीय!"

"हो, पण उघडणारं दार तेवढंच आहे ना?"

गेले. शेवटचं वाक्य बोलून, सुटकेस घेऊन, किचनमध्ये. आत मंडळाच्या बायका वडे गरम करत होत्या. "बरं झालं आलीस," म्हणत एकीनं ट्रे पुढे केला. मी सुटकेस खाली ठेवली आणि ट्रे धरला. का धरला? नाही म्हणायचं सुचलंसुद्धा नाही.

बाहेर हॉलमधून माझा नवरा ओरडला, "शेवट एकदम नॅचरल झाला हं!"